घणसोलीचा स्विस शेठ

घणसोली गावात माणसाची किंमत तोळ्यांत करायची पद्धत आहे आणि ती फार सोयीची आहे. हळदीच्या मांडवात नुसती नजर फिरवली की कुणाचं बरं चाललंय आणि कुणाचं गहाण पडलंय ते कळतं. हा हिशेब न पटणारा एक मनुष्य मात्र हल्ली आमच्याकडे निपजला आहे. तळवलीत आहे, गोठिवलीत आहे, घणसोलीत तर गल्लीला एक आहे. त्याला आपण शेठ म्हणू. सगळे म्हणतातच.

शेठच्या गळ्यात काही नसतं. फक्त डाव्या बाहीची घडी उजवीपेक्षा दोन बोटं वर असते आणि तिथे एक स्टीलचं घड्याळ असतं. त्या पैशात घरच्या दोन्ही सुनांचे हार झाले असते. हे त्यांना ठाऊक आहे, सुनांना अजून नाही.

शेठच्या वडिलांकडे घड्याळच नव्हतं. खाडीची भरती-ओहोटी बघून मिठागरावर जायचं आणि तीच बघून परतायचं. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या. त्यांच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड हातात पडेपर्यंत एक पिढी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून म्हातारी झाली. मग त्या भूखंडावर बिल्डर आला, इमारत झाली, आयटीतली पोरं भाड्याने राहू लागली. अशा रीतीने शेठकडे पैसा आणि मोकळा वेळ एकदमच आला. यांपैकी वेळ मोजायची त्यांना कधी गरज पडली नाही, पण मोजायची यंत्रं त्यांनी जमवली.

मुळातला दोष काकांचा. ते दुबईहून राडो घेऊन आले होते. राडोचं डायस्टार १९६२ सालचं, चरा न पडणारं म्हणून जगभर गाजलेलं. काका येईल त्या पाहुण्याच्या हातात किल्ली देऊन म्हणत, ‘घास, घास!’ पाहुणे घासत, चरा पडत नसे. पाहुण्यांना चहा मिळे आणि कोपऱ्यात बसलेल्या लहानग्या शेठला ध्येय.

आज कपाटात देवांच्या शेजारी एक काचेची पेटी आहे. तिच्यात घड्याळं आपोआप गोल फिरत असतात. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चावी भरून घेतं. काढून ठेवलं की दोन-तीन दिवसांत थांबतं. हात एक आणि घड्याळं बारा, म्हणून उरलेल्यांना फिरवायला मोटर. पेटीत जागा मात्र सहांचीच आहे, बाकीची पाळी लावून फिरतात. शेठाणी रोज देवाला उदबत्ती ओवाळतात तेव्हा पेटीलाही धूर लागतो. शेठना ते आवडत नाही, पण त्या पेटीवर विषय निघू नये एवढं शहाणपण त्यांना आहे.

विषय म्हणजे किंमत. शेठच्या प्रत्येक घड्याळाला तीन किमती असतात. शेठाणींना सांगायची: ‘जुनंच आहे गं, पट्टा बदलला.’ सीएला सांगायची दहा लाखांच्या आतली; कारण २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरचं घड्याळ घेतलं की दुकानदार एक टक्का टीसीएस घेतो आणि ते पॅनवर चढतं. तिसरी किंमत हळदीतली. ती खरी असते आणि नेमकी तिच्यावरच कुणाचा विश्वास बसत नाही.

‘ह्या घऱ्याल कवऱ्याचा रं?’ मांडवात एखादा काका विचारतो. शेठ आकडा सांगतात. काका घड्याळ हातात घेऊन वजन बघतो. ‘आनि सोन्याचा नाय?’ शेजारी काकाच्या भाच्याच्या हातात पिवळंधमक, खड्यांचं, फर्स्ट कॉपी रोलेक्स असतं. त्याच्याभोवती गर्दी. शेठ गर्दीकडे बघतात, मग त्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे. तो एकेका सेकंदाला अडखळत उडी मारतो. खऱ्याचा काटा सरकतो, कारण आतलं चक्र तासाला २८,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला आठ वेळा हलतं. हे शेठ कुणाला तरी सांगू पाहतात, पण तेवढ्यात डीजे सुरू होतो.

डीजे हा शेठचा खरा वैरी. स्पीकरच्या भिंतीत मोठमोठी लोहचुंबकं असतात. त्यांच्या फार जवळ गेलं की घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबकित होते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागतं. म्हणून सख्ख्या पुतण्याच्या हळदीतसुद्धा शेठ चाळीस फुटांवर, पाण्याच्या जारपाशी उभे असतात. नाचायला ओढलं तर ‘गुडघा’ म्हणतात. शेवटी त्यांनी पंधरा हजार गॉसचं चुंबकक्षेत्र सोसणारं ओमेगा घेतलं, खास हळदीसाठी. रोलेक्सने १९५६ मध्ये हजार गॉसचं मिलगॉस काढलं, ते प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसाठी. ‘त्यांनी घणसोलीची हळद बघितली नव्हती,’ असं शेठ म्हणतात आणि मला ते पटतं. पाणबुड्यांसाठी तीनशे मीटर खोलीपर्यंत चालणारं सबमरीनरही त्यांच्याकडे आहे. आमच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखल असतो.

जुन्याचाही नाद लागला होता. चोरबाजारातून त्यांनी मोरपंखी डायलचं फाव्र लूबा आणलं. नंतर कळलं की डायलचा तो रंग कंपनीचा नव्हताच. जुनी डायल इथेच नव्याने रंगवायची, तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे, या मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. शेठना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘आपण नवी मुंबईचे. आपला काय संबंध?’ ते घड्याळ अजून वापरात आहे. माझ्या मते सगळ्यांत देखणं तेच आहे.

इतक्या वर्षांत शेठच्या घड्याळाकडे जाणत्या नजरेने बघितलं ते एकाच व्यक्तीने. त्यांच्या आत्याने. वय पंचाऐंशीच्या पुढे, उभा जन्म खाडीत मासळी धरण्यात गेलेला. शेठनी लॉन्जिन्सचं चंद्रकला दाखवणारं घड्याळ तिच्यापुढे धरलं. निळ्या तबकडीवर सोन्याचा चंद्र, अगदी भरलेला. आत ५९ दात्यांचं चाक, साडेएकोणतीस दिवसांच्या दोन फेऱ्यांचं. खऱ्या चंद्राशी एका दिवसाचा फरक पडायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो, वगैरे शेठनी सांगितलं. आत्याने चष्मा पुसला, घड्याळ उजेडात धरलं आणि म्हणाली,

‘आज अष्टमी हाय रं. खारीन भांग हाय. तुजे घऱ्यालान पुनव कशी?’

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती. चाकाचा दोष नव्हता. पेटीत जागा न मिळाल्याने घड्याळ आठवडाभर बंद पडलं होतं, आणि शेठनी तास-मिनिटं लावली तरी चंद्र लावायचा राहून गेला होता. बारा घड्याळांच्या मालकाला त्या दिवशी पहिल्यांदा बरोबरीचं माणूस भेटलं. तेव्हापासून नवीन घड्याळ आधी आत्याकडे जातं, मग पेटीत. कपाटाच्या दाराला आतून कालनिर्णय लटकतंय. स्वित्झर्लंडचा चंद्र त्यावरून लावतात.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर तुम्हीही तसंच करा. फक्त रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चंद्राचा खटका दाबू नका. तेव्हा आतली चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दाते मोडू शकतात, आणि दुरुस्तीचा खर्च शेठाणींपासून लपत नाही.