झालेल्या सौद्याचा फेरविचार कसा करावा

प्रथम पात्रतेविषयी. बेसबॉलच्या संघाने केलेल्या अदलाबदलीचा फेरविचार करण्यासाठी त्या संघात आपला एक पैसाही गुंतलेला असण्याची गरज नाही. सौदा करण्यापूर्वी कोणी आपल्याला विचारलेले नसावे, एवढी एकच अट आहे आणि ती सर्वजण पूर्ण करतात. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचे किंवा जॉर्जियातल्या अटलांटाचे रहिवासी असाल तर दुधात साखर, कारण या शास्त्राचा नमुना-सौदा त्याच दोन गावांच्या संघांत झाला.

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी अटलांटा ब्रेव्ह्जनी आपला शॉर्टस्टॉप आंद्रेल्टन सिमन्स हा ॲनाहाइमला खेळणाऱ्या लॉस एंजलिस एंजल्सना देऊन टाकला. बदल्यात शॉन न्यूकम आणि ख्रिस एलिस हे दोन होतकरू पिचर, एरिक आयबार हा मुरलेला शॉर्टस्टॉप आणि वर २५ लाख डॉलर घेतले. सिमन्सबरोबर होजे ब्रिसेन्यो नावाचा एक कॅचरही गेला. हे शेवटचे नाव पाठ करून ठेवावे. फेरविचाराच्या बैठकीत ज्याला ब्रिसेन्यो आठवतो त्याच्यापुढे बाकीच्यांची बोलती बंद होते.

आता गेलेला आणि आलेला माल ओळखायला शिकू.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकांसाठी: शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक. फलंदाज बहुतेक उजवे, त्यामुळे जमिनीवरून सणसणत सुटलेले चेंडू याच्याच वाट्याला जास्त येतात. चेंडू अडवायचा, वळायचे आणि फलंदाज पोचण्याआधी पहिल्या बेसवर फेकायचा. सिमन्स मूळचा कुरासाव बेटावरचा. त्याचा दंड असा की कॉलेजात तो पिचिंगही करी आणि २०१० च्या नवोदितांच्या निवडीत काही संघ त्याला पिचर म्हणूनच घ्यायला बघत होते. ब्रेव्ह्जनी त्याला शॉर्टस्टॉप केला. २०१३ मध्ये त्याने आपल्या क्षेत्ररक्षणाने ४१ धावा वाचवल्या असा एक नावाजलेला हिशेब सांगतो. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाला.

पण वाचवलेली धाव धावफलकावर लागत नाही, आणि फेरविचाराला सगळ्यात मोठा आधार याच गोष्टीचा आहे. ज्या संघाकडे असा शॉर्टस्टॉप येतो त्याच्या चाहत्याला त्याची फलंदाजी दिसते. २०१५ मध्ये ती होती चार होमरन. ज्या संघाकडून तो जातो त्याच्या चाहत्याला मात्र त्यानंतर डाव्या बाजूने सुटलेला प्रत्येक चेंडू दिसतो. एकाच माणसाने दोन गावांना एकाच वेळी हळहळायला लावावे, अशी सोय क्रीडाविश्वात फार कमी ठिकाणी आहे.

होतकरू पिचरची गोष्ट याच्या उलट. त्याने अजून काही केलेलेच नसते, म्हणून तो काहीही करू शकतो. न्यूकम डावखुरा, सव्वासहा फुटांहून उंच, हार्टफर्ड विद्यापीठातून आलेला, २०१४ च्या निवडीत पहिल्याच फेरीत पंधराव्या क्रमांकावर उचललेला. एंजल्सच्या गोठ्यातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच. तो आणि एलिस गेल्यावर जाणकारांच्या याद्यांत एंजल्सची नवोदितांची फळी तळाला जाऊन बसली. आपल्याकडे असताना न्यूकमचे चेंडू दिशा चुकतात, फलंदाज फुकट पहिल्या बेसवर चालत जातात, अशी कुरकूर करणारेही होतेच. ती कुरकूर सौद्याच्या दिवशी विसरायची असते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असते, आणि गेलेल्या पिचरला ताशी शंभर मैलांचा वेग.

बेसबॉलचे अभ्यासक फार दिवसांपासून बजावत आले आहेत की होतकरू पिचर नावाची वस्तूच अस्तित्वात नसते. एक तर तो पिचर झालेला असतो, नाहीतर त्याचे कोपर गेलेले असते. कोपराच्या ज्या शस्त्रक्रियेने आज निम्म्या पिचरांची चरित्रे भरलेली आहेत ती डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली आणि तिला नाव पडले ते रुग्णाचे. ती झाली की माणूस वर्षभर, कधी दीड वर्ष बाहेर. फेरविचार करताना हे सारे ठाऊक असावे, पण उच्चारू नये. आपण दिलेल्या पिचरला कोपर नसते.

मुहूर्ताचे काय? सौदा झाला त्या दिवशी फक्त नाराजी नोंदवावी. खऱ्या फेरविचाराला गेलेल्या पोराचा एक मोठा दिवस लागतो. तो उगवेपर्यंत दम धरावा, उगवतोच.

एंजल्सच्या चाहत्यांसाठी तो उगवला रविवारी, २९ जुलै २०१८ रोजी, अटलांटात. समोर डॉजर्स, म्हणजे त्यांच्याच शेजारचे. न्यूकमने आठ डाव एकही हिट दिली नाही. नवव्यात दोन बाद. ब्रेव्ह्जच्या पिचरने नो-हिटर टाकून चोवीस वर्षे झाली होती, प्रेक्षक उभे, आणि फलंदाज ख्रिस टेलरवर दोन स्ट्राइक. आणखी एक स्ट्राइक, की नाव इतिहासात. न्यूकमचा हा त्या दिवसाचा १३४ वा चेंडू. टेलरने तो जमिनीलगत डावीकडे मारला, झेपावलेल्या तिसऱ्या बेसवाल्याला चुकवून चेंडू पलीकडे गेला. नो-हिटर गेली. सामना ब्रेव्ह्जनी ४-१ असा जिंकला, पण फेरविचाराच्या दृष्टीने हा तपशील निरुपयोगी आहे.

या एका चेंडूचा अभ्यास प्रत्येक नवशिक्याने मन लावून करावा. ॲनाहाइमच्या चाहत्याने म्हणायचे: बघा, असे रत्न आपण देऊन बसलो! अटलांटाच्या चाहत्याने त्याच क्षणी म्हणायचे: चेंडू डावीकडून गेला, तिथे सिमन्स असता तर? तिसऱ्या बेसजवळून गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपला सापडला असता का, असे विचारणाऱ्याला बैठकीतून उठवावे. पहिला रडतो तो गेलेल्या पिचरसाठी, दुसरा त्याच पिचरमागे नसलेल्या शॉर्टस्टॉपसाठी, आणि दोघांचेही बरोबर आहे असे दोघांनाही वाटते. मला तरी बेसबॉलमध्ये याहून न्याय्य वाटप माहीत नाही.

आता हिशेबाची वही. दिलेल्या मालाची किंमत त्याच्या सर्वोत्तम दिवसावरून लावावी, घेतलेल्या मालाची त्याच्या सर्वांत वाईट महिन्यावरून. हा नियम पाळला तर कोणताही सौदा तोट्यात दाखवता येतो. मध्येच एखादा खडूस आकडे काढील. म्हणेल, सिमन्सने २०१७ मध्ये १४ होमरन मारले, २०१८ मध्ये .२९२ ची सरासरी राखली, दोन्ही वर्षी गोल्ड ग्लोव्ह घेतला. गडबडून न जाता एवढेच विचारावे: “आणि प्लेऑफ?” सिमन्स २०१६ ते २०२० अशी पाच वर्षे एंजल्सकडे होता, त्या पाचांपैकी एकाही हंगामात संघाच्या विजयांची संख्या पराभवांहून जास्त झाली नाही. माइक ट्राउटसारखा फलंदाज संघात असूनही नाही. पिचिंग कोसळत होते ते सिमन्समुळे नव्हे, हे खरे; पण खडुसाला ते सुचेपर्यंत आपण विषय बदललेला असावा.

न्यूकमचे पुढे काय झाले, हे मात्र शक्यतो बघू नये. अगदी राहवले नाही तर: २०१९ मध्ये सुरुवातीच्या पिचरांच्या रांगेतून तो मागच्या फळीत गेला, आणि एप्रिल २०२२ मध्ये ब्रेव्ह्जनी त्याला शिकागो कब्जना देऊन ३८ वर्षांचा जेसी चावेझ घेतला. हा चावेझ २०१७ मध्ये एंजल्सकडेच पिचिंग करत होता. एलिस तर अटलांटाच्या मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता २०१६ च्या डिसेंबरात सेंट लुइसला गेला. आयबार वर्षही न भरता डेट्रॉइटला. या गोष्टी जाणून घेतल्याने फेरविचार बंद पडल्याची उदाहरणे आहेत.

मध्येच एक प्रश्न येतो: ज्याची अदलाबदल होते त्याला कोणी विचारते का? सिमन्सने २०१४ मध्ये ब्रेव्ह्जशी सात वर्षांचा, ५ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला होता. पावणेदोन वर्षांत त्याला बिऱ्हाड उचलावे लागले. करारात तशी अट घालून घेतली असेल, किंवा दहा वर्षे खेळून त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली असतील, तरच खेळाडूला नकार देता येतो. चाहत्याला मात्र कोणत्याही वयात, कोणत्याही संघाच्या वतीने नकार देता येतो. तो कोणी ऐकत नाही, ही वेगळी गोष्ट.

प्राथमिक परीक्षा झाली असेल त्यांनी ॲरिझोनाचा अभ्यास घ्यावा. २०१२ च्या डिसेंबरात ॲरिझोना डायमंडबॅक्सनी तीन संघांच्या एका गुंतागुंतीच्या व्यवहारात ट्रेव्हर बाउर हा होतकरू पिचर क्लीव्हलँडला दिला आणि सिनसिनाटीचा शॉर्टस्टॉप डिडी ग्रेगोरियस पदरात पाडून घेतला. त्यांचे व्यवस्थापक केव्हिन टॉवर्स म्हणाले की या पोरात तरुण डेरेक जीटर दिसतो. दोन वर्षांनी जीटर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी यँकीजनी आणला तो ग्रेगोरियसच, ॲरिझोनाकडून! त्या सौद्यात ॲरिझोनाला मिळाला रॉबी रे हा तरुण पिचर. पुढे सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार २०२० मध्ये बाउरने जिंकला, सिनसिनाटीकडून. २०२१ चा रेने जिंकला, टोरांटोकडून. शॉर्टस्टॉपसाठी एक पिचर दिला, तोच शॉर्टस्टॉप देऊन दुसरा घेतला, आणि दोन्ही पुरस्कार दुसऱ्याच गावांत गेले. ॲरिझोनाच्या चाहत्यांना या शास्त्रात मानद पदवी द्यावी असे माझे प्रामाणिक मत आहे.

शेवटी एक धोक्याची सूचना, विशेषतः अटलांटाकरांसाठी. सौद्याच्या पुढच्या महिन्यात काय झाले, हे फेरविचार करताना कधीही काढू नये. सिमन्स गेला नोव्हेंबरात. डिसेंबरात ब्रेव्ह्जनी पिचर शेल्बी मिलर ॲरिझोनाला (होय, पुन्हा ॲरिझोनाच) देऊन डॅन्सबी स्वॉन्सन हा शॉर्टस्टॉप आणला. २ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीजचा शेवटचा चेंडू जमिनीवरून स्वॉन्सनकडेच आला, त्याने तो पहिल्या बेसवर फेकला आणि ब्रेव्ह्ज विजेते झाले. म्हणजे सिमन्सचा सौदा एंजल्सनी जिंकला, त्यात शंका नाही. चषक मात्र तो सौदा हरलेल्यांच्या घरी गेला. हे एकदा कबूल केले की सौद्यांच्या चर्चेत रामच उरत नाही, म्हणून करू नये.

संघांच्या हिवाळी बैठका दर डिसेंबरच्या सुरुवातीला भरतात. तोवर जुनी दुःखे आटोपून घ्यावीत. नव्यांना जागा लागेल.