रूप बघावं की डिकी?

शोरूममध्ये गेलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न अजूनही 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हाच असतो. फक्त हल्ली हे विचारताना त्याची नजर उत्तर देणाऱ्या पोराकडे नसते, बॉनेटवर असते. एसयूव्हीच्या बाबतीत 'रोड प्रेझेन्स' नावाचा एक गुण अलीकडे फार बोलला जातो. आरशात आपली गाडी दिसली की पुढच्याने मुकाट्याने बाजूला व्हावं, असा त्याचा अर्थ. कात्रज बायपासवर कुणीही कुणासाठी बाजूला होत नाही, पण गुण हवा तो हवाच.

खरं तर गाडीचं रूप मालकाच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. आत बसलं की त्याला दिसतो डॅशबोर्ड आणि पुढच्या ट्रकच्या फाळक्यावरचा आई-वडिलांचा आशीर्वाद. रूप बघतात ते शेजारी, तेही फुकट. हप्ते आपले.

आणि या रूपावर हात कुणाचा फिरलाय म्हणाल, तर बराचसा अर्थ मंत्रालयाचा. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर उतरला आणि कंपन्यांच्या हातात मोजपट्टी आली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू या तिघी वेगवेगळ्या घरच्या, पण लांबी प्रत्येकीची ३,९९५ मिलिमीटर. तोंड रुबाबदार, आणि मागे यावं तर एकदम भिंत. सप्टेंबर २०२५ पासून तर लांबी आणि इंजिन दोन्ही मापात बसलं तर जीएसटी १८ टक्के, नाही तर ४०. डिकी अशी आखूड का, हे डिझायनरला विचारण्यात अर्थ नाही.

तरीही रूपावर जीव टाकणाऱ्यांना मी हसणार नाही. १९९१ साली टेल्कोने पुण्यात सिएरा काढली. मागच्या बाजूला छताकडे वळत गेलेली भलीमोठी काच आणि माणसांसाठी दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरायचं. ती मोठी काच उघडायचीही नाही. मे महिन्यात आत काय होत असेल ते ज्याचं त्याने समजावं. व्यवहार बघितला तर शून्य. पण त्या काळात रस्त्यावरून सिएरा गेली की माणसं मान वळवून बघत. २०२० च्या थारचीही तीच तऱ्हा, आणि तिच्यावरही लोक तुटून पडले. पुढे २०२४ मध्ये थार रॉक्स आली ती मागच्या दोन दारांसह, आणि २०२५ च्या अखेरीस सिएरा परतली तीही तशीच. चेहरा जुनाच ठेवला, दारं वाढवली. एवढी अक्कल यायला सिएराला चौतीस वर्षं लागली, पण चेहरा सोडून नुसती दारं विकायला कुणी बसलं नाही, हेही लक्षात घ्या.

बरं, व्यवहार व्यवहार म्हणतो तोही दर वेळी खरा असतो असं नाही. दिवाळीला पाहुणे येतात म्हणून सात सीटची गाडी घ्यायची आणि एरवी तिसरी रांग पाडून तिच्यावर वाणसामान ठेवायचं. पिंपळे सौदागर ते हिंजवडी एवढीच धाव असलेल्याने फोर बाय फोर घ्यायची. हीदेखील हौसच, फक्त तिने चष्मा लावलेला असतो. ग्राउंड क्लिअरन्सचं मात्र तसं नाही. ती चैन नव्हे, पहिल्या पावसानंतरची निकड आहे.

व्यवहार म्हणजे काय हे कळायला आमच्या आईला गाडीत चढताना बघावं. एक हात दाराच्या कडेला, दुसऱ्यात निऱ्या, एक गुडघा वर आणि दुसरा नकार देणारा. शोरूममधला पोरगा धावत आला. "काकू, फूटस्टेप अ‍ॅक्सेसरीजमध्ये मिळेल."

"म्हणजे गाडी आधी उंच करायची आणि मग पायरीचे पैसे वेगळे घ्यायचे?"

त्यावर त्याने सनरूफ उघडून दाखवलं. आईने वर बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला.

माझं मत विचाराल तर गाडी देखणीच घ्यावी. सात-आठ वर्षं जिचे हप्ते भरायचे ती पार्किंगमध्ये उभी असताना आपण एकदा तरी मागे वळून बघावं, इतकी तरी असावी. मात्र टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातला सगळ्यात दुखरा गुडघा बरोबर न्या आणि तो मागच्या सीटवर बसवा. गावाला जाताना नेता त्या बॅगा डिकीत घालून बघा. शोरूमवाले हसतील, हसू द्या. आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी सोसायटीतली आपली पार्किंगची जागा टेपने मोजा. थार रॉक्स १,८७० मिलिमीटर रुंद आहे, आणि कॅटलॉगातल्या रुंदीत बहुधा आरसे धरलेले नसतात.