हवाई अंतरावरची शाळा

शिक्षण हक्क कायद्याने महाराष्ट्रातल्या आईबापांना बरंच काही दिलं, त्यात नकाशा वाचायची सक्तीही दिली. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना गूगलच्या नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं. पडद्यावर एक लाल फुगा येतो. तो धरायचा आणि नेऊन घरावर सोडायचा. आता ज्यांचा पत्ताच मुळी 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीवाल्याला विचारा' असा आहे, त्यांनी तो कुठे सोडायचा?

अर्जाच्या दिवसांत कुठल्याही सायबर कॅफेत हे नाटक फुकट बघायला मिळतं. माऊस फॉर्म भरून देणाऱ्या पोराच्या हातात, त्याच्या खुर्चीमागे बाप, आणि बापाच्या मागून टाचा उंच करून बघणारी आई. "दादा, जरा वर घ्या. आणखी वर. तो निळा पत्रा दिसतोय ना, त्याच्या शेजारचा." उपग्रहातून बघितलं की वस्तीतले सगळेच पत्रे निळे दिसतात. शेवटी फुगा पडतो तो मागच्या नाल्यात. बाप कावराबावरा होतो, पण तोवर आईने हिशेब केलेला असतो. "राहू द्या तिथेच. नाल्यावरून शाळा जवळ पडते."

तिचा हिशेब अगदीच चुकीचा नसतो. पसंतीच्या दहा शाळा निवडता येतात, मग राज्याची एकच सोडत निघते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांचा नंबर आधी, एक ते तीनवाल्यांचा नंतर, आणि त्यापलीकडच्यांचा त्याहून नंतर. म्हणजे 990 मीटरवरचं मूल आणि 1,010 मीटरवरचं मूल यांच्यात अख्ख्या रांगेचं अंतर. नशिबाला आजवर पत्रिका लागायची, आता अक्षांश-रेखांशही लागतात. म्हणूनच जूनमध्ये शाळेत जायचं असलं तरी घर बदलायचे बेत दिवाळीपासूनच सुरू होतात, आणि भाडेकरार नोंदणीकृत हवा हे वकिलाच्या आधी शेजारीण सांगते.

खरी गंमत पुढेच आहे. हे अंतर मोजतात सरळ रेषेत. सरकारी भाषेत हवाई अंतर. मूल शाळेत उडत जाणार असं गृहीत धरलं, तर या पद्धतीत नाव ठेवायला जागा नाही. पुण्यात सिंहगड रस्ता आणि सहकारनगर नकाशावर एकमेकांना खेटून दिसतात, पण मध्ये पर्वती-तळजाईची टेकडी आडवी पडली आहे. टेकडीला वळसा घालून रिक्षा निघाली की किलोमीटर वाढत जातात आणि त्यांच्या जोडीने बापाचा आवाजही. मुंबईत वेसावे आणि मढ यांच्यामध्ये चिंचोळी खाडी. होडी काही मिनिटांत पलीकडे सोडते, पण रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वेवरून वीसेक किलोमीटरचा फेरा. नकाशाला मात्र खाडीही दिसत नाही आणि भरती-ओहोटीही. रेल्वेच्या रुळांची तऱ्हाही तीच. पूर्वेची इमारत आणि पश्चिमेची शाळा एकमेकींकडे बघत उभ्या असतात, आणि मधला जिना चढता-उतरता आजोबांचे गुडघे खरं अंतर सांगतात.

हे खूळ आपल्यापुरतंच आहे असं समजून वाईट वाटून घेऊ नये. इंग्लंडमध्येही बऱ्याच शाळांत अंतर सरळ रेषेतच मोजतात, आणि गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला ते तिथल्या नगरपालिका जाहीर करतात. त्या आकड्यावर घरांची भाडी वर-खाली होतात. 2008 मध्ये पूल या गावच्या नगरपालिकेला एका कुटुंबाचा संशय आला, की हे शाळेच्या हद्दीत राहतात असं नुसतं सांगतात. मग काय, दहशतवाद आणि गंभीर गुन्ह्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पाळत कायद्याचा आधार घेऊन जवळपास तीन आठवडे त्या घरावर नजर ठेवली. आई मुलांना घेऊन गाडीत बसली की त्याची नोंद! कुटुंब खरोखरच हद्दीत राहत होतं. पुढे 2010 मध्ये न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदा ठरवली. आपल्याकडे एवढा खर्च कोण करणार? आपल्याकडे हे काम समोरच्या खिडकीतल्या काकू बिनपगारी करतात.

आपल्या किलोमीटरने 2024 मध्ये तर कमालच केली. तोपर्यंत एक किलोमीटरच्या आत घर असलं की मुलाला खासगी शाळेचं दार उघडायचं. 9 फेब्रुवारीला सरकारने अधिसूचना काढली: खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. म्हणजे काल आत घेणारा किलोमीटर आज बाहेर काढू लागला. शहरात अशा शाळेपासून किलोमीटरभर लांब असलेली खासगी शाळा शोधायला निघालं, तर शहरच संपायचं. पालकांनी अर्ज उघडले तर समोर ओळखीच्या पालिका शाळांची नावं. "हिच्यात घालायला लॉटरी कशाला पाहिजे? ती तर आपणहून बोलावते आहे," हा प्रश्न कॅफेतल्या पोरालाही पडला असणार. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी स्थगिती दिली आणि 19 जुलैला अधिसूचनाच रद्द केली. तोवर जून उलटून गेला होता. नवं दप्तर, नवा डबा घरात तयार, आणि पोरगं घरातल्या घरात दप्तर पाठीला लावून हिंडतंय.

ज्यांना सोडतीशी देणंघेणं नाही, त्यांचा नकाशा आणखी वेगळा. राज्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. एवढी जवळची शाळा मध्यमवर्गाला मानवत नाही. चालत जाता येतं म्हणजे शाळेत काहीतरी खोट असणारच, अशी एक पक्की समजूत आहे. कोथरूडच्या मुलाने बाणेरला जायचं, बाणेरच्या मुलाने कोथरूडला. सकाळी दोन्ही बस चांदणी चौकात समोरासमोर अडकतात. कोठारी आयोगाने 1966 मध्येच शेजारशाळेची कल्पना मांडली होती: परिसरातली सगळी मुलं, गरिबाची आणि श्रीमंताचीही, एकाच शाळेत. अहवालाचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि मुलांना बसमध्ये बसवलं.

खेड्यात याची दुसरी बाजू दिसते. राज्यात 20 पेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा 14 हजारांहून जास्त आहेत, असं 2023 मध्ये पुढे आलं, आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सुरू झाला. पानशेतचं उदाहरण दाखवलं गेलं, जिथे आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं गाडीने एका ठिकाणी आणतात. विरोधही झाला, कारण डोंगरातली वाट आणि पावसाळा यांना शासन निर्णय वाचता येत नाही. मुलींसाठी मात्र एसटीने बरंच केलं आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमात 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावतात. ती बस वेळेवर येते की नाही यावर अख्ख्या आळीचं गणित-भूमिती अवलंबून असतं.

शहरात शाळेची हद्द शेवटी ठरवतो तो रिक्षाकाका. त्याच्या रिक्षाचं आतलं बांधकाम कुठल्याच कंपनीच्या कागदावर नसतं. मागच्या सीटसमोर एक आडवी फळी, तिच्यावर पहिली-दुसरीतली पोरं, तोंडं मागे करून. दप्तरं बाहेर आकड्यांना, पाण्याच्या बाटल्या दांडीला. सगळ्यात मोठ्या पोराकडे छोट्यांच्या नाकाचं खातं. स्कूल बससाठी 2011 चे नियम आहेत: पिवळा रंग, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, महिला सहायक. काकाच्या रिक्षात यातली एकच गोष्ट असते, प्रथमोपचार, आणि तोही रडणाऱ्याच्या हातात लिमलेटची गोळी टेकवण्यापुरता.

सोडतीत नाव लागलं, कागदपत्रं तपासून झाली, शाळेने पावती दिली, की पेढे घेऊन बाप काकाकडे जातो. काका पेढा तोंडात टाकतो, पत्ता ऐकतो आणि मान हलवतो.

"त्या साइडला आपला राउंड नाही."

"अहो पण एकच किलोमीटर आहे! सरकारनेच मोजलंय."

"सरकारला सांगा सोडायला. मध्ये वन-वे आहे, सिग्नल आहेत दोन, आणि परत येताना पेठेत अडकतो मी." मग दुसरा पेढा घेतो. "बघू. सातच्या आधी पोरगं चौकात उभं करत असाल तर बघू. गल्लीत रिक्षा येणार नाही. आणि मे महिन्याचे पण पैसे द्यावे लागतील, आधीच सांगतो."

बाप लगेच हो म्हणतो. काकाच्या फळीवरच्या जागेला सोडत नसते.