चार बोटं वर

दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी पंचांगात एक महिना जादा येतो आणि तेवढ्यापुरता जावई या जमातीला भाव येतो. 2023 साली 18 जुलै ते 16 ऑगस्ट असा अधिक श्रावण आला आणि झरीहून सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामांचा, फोन आला. “धोंड्याले दोनही जवाई पायजेत. पाऊस हाये, सडक खराब हाये, असं सांगू नका. आमी त्याच सडकेवर राह्यतो.”

दोनही जावई म्हणजे मी आणि माझे थोरले साडू. साडू हे नातं मोठं नाजूक. भाऊ नव्हे, मित्र नव्हे. एकाच परीक्षेला बसलेले दोन उमेदवार. त्यातले साडूभाऊ कायम पहिल्या नंबरात आणि मी ग्रेस मार्कांवर. या खेपेला तर त्यांनी गाडी घेतली होती. काळी, लांबलचक, जर्मन. मी सपत्नीक पुण्याहून रेल्वेने नागपूरला उतरलो तेव्हा ती स्टेशनाबाहेर अशी उभी होती, की माझी बॅग डिकीत ठेवताना बॅगेलाच संकोच वाटला.

“हिला स्प्रिंग नाही,” बुटीबोरी मागे पडल्यावर साडूभाऊ म्हणाले. “मग?” “ही हवेवर चालते.”

मला वाटलं, पेट्रोलचे भाव बघून कोणी तरी शेवटी शोध लावला. पण प्रकार वेगळा होता. चारही चाकांवर स्प्रिंगच्या जागी रबराचे जाड फुगे. पुढं कुठंतरी दडवलेला एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. टायरात तीस-पस्तीस पौंड हवा असते, या फुग्यांत त्याच्या तिप्पट-चौपट. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर बसून गाडीची उंची मोजतो आणि संगणकाला कळवतो. मागे जाड माणूस बसला की संगणक तिकडे हवा सोडतो आणि गाडी पुन्हा सपाट होते. “म्हणजे तू बसलास, हे गाडीला कळलंय,” साडूभाऊ म्हणाले. माझं वजन गाडीने मनात नोंदवून ठेवलं, या विचाराने मी जाममध्ये चहाबरोबरचा आलुबोंडा नाकारला.

जाम, हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी. हा पूर्वीचा सात नंबरचा हायवे, आता चव्वेचाळीस. वर श्रीनगर, खाली कन्याकुमारी. त्यावर गाडी अशी तरंगत होती, की डुलकी लागली. जाग आली ती पांढरकवड्याला डावीकडे वळल्यावर. डोकं काचेवर आपटून.

आता इथल्या मातीविषयी सांगायला हवं. ही कापसाची काळी माती. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटली की भेगाळते. तिच्यावर टाकलेला रस्ताही तिच्याबरोबर श्वास घेतो. ठेकेदार त्याला सपाट करून जातो, माती त्याला पुन्हा लाटांचा करते. वर वणीकडच्या कोळशाचे टिप्पर आणि मुकुटबनच्या सिमेंटचे ट्रक. म्हणजे खालून माती ढकलते, वरून ट्रक दाबतात आणि मधल्या पापडावरून आपण धोंडे खायला जातो.

एका नाल्याच्या रपट्यावरून गढूळ पाणी चाललं होतं. अलीकडे एक दुधाची मोटरसायकल आणि एक बैलबंडी थांबली होती. साडूभाऊंनी मंद हसून एक बटण दाबलं. घुर्रर्र आवाज झाला आणि गाडी उंटासारखी उठली. बंडीवाल्याने बैलांकडे पाहिलं, बैलांनी गाडीकडे पाहिलं. बंडीवाल्याचं लक्ष गाडीत नव्हतं, पाण्यात होतं. वीसेक मिनिटांनी पाणी उतरलं, तेव्हा आधी बंडी गेली, मग दूध, मग त्यांच्या चाकोरीतून आम्ही. उंच झालेली गाडी तिसऱ्या नंबरावर आली, हे मी बोललो नाही.

झरीत गाडी शिरली तशी पोरं जमली. झरी जामणी या तालुक्याच्या नावात दोन गावं आहेत आणि बोलण्यात चार भाषा : मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी. पैनगंगेपलीकडे तेलंगण. पण “अजून एक डाव!” हे सगळ्या पोरांनी मराठीतच सांगितलं. साडूभाऊंनी गाडी खाली बसवली. “अजून एक डाव!” उठवली. बसवली. उठवली. मी सतरापर्यंत मोजलं. अठराव्या वेळी कॉम्प्रेसरचा आवाज खोकल्यासारखा आला. साडूभाऊंनी टायर आणि वरच्या पत्र्याची कमान यांच्यामध्ये आडवा हात घालून दाखवला. “चार बोटं. दिवसरात्र, ओझं असो-नसो, चार बोटं.”

रात्री पंगत बसली. पुरणाचे धोंडे, वडाभात, कढीगोळे, आणि वाणाला तेहेतीस अनारसे. मामांनी तुपाची वाटी पुढं सारत विचारलं, “गाडी केवढ्याले पडली, जवाईबापू?”

“सत्तर लाख,” साडूभाऊ म्हणाले. आणि मग धोंड्याचा घास तोंडात असताना, फक्त शेजारी बसलेल्या मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, “नवी असताना.”

सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी दोन धोंडे वाढले. माझ्या पानात एक.

पहाटे मामांच्या हाकेने जाग आली. “जवाईबापू, तुमची गाडी बसली!”

बसली हाच शब्द. नांगराला जुंपलेला बैल मध्येच बसतो, तशी. पुढची डावी बाजू चिखलाला टेकली होती, मागची उजवी किंचित वर. गाडी अंगणातल्या तुळशीला नमस्कार करत असल्यासारखी दिसत होती. चार बोटांच्या जागी आता एक नखही जात नव्हतं. साडूभाऊंनी घाईघाईने इंजिन चालू केलं. समोर एक लाल अक्षरांची ओळ आली, कॉम्प्रेसर पाच मिनिटं घरघरला, मग जळक्या वायरचा वास आला आणि तोही शांत झाला.

मामा अधिकात रोज पोथी ऐकतात. ते पायरीवर बसून बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “धर्मराजाचा रथ असाच चार बोटं वर चाले. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं अन् खाली आला.” थोडं थांबून, अगदी सहज : “रात्री काही बोलले होते का जी तुमी?”

मुकुटबनच्या रस्त्यावरचा एक मिस्त्री मोटरसायकलवर आला. ट्रॅक्टर, बोलेरो आणि कोळशाचे टिप्पर हा त्याचा रोजचा धंदा. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, पण खाली वाकला नाही. आधी बाभळीचे दोन ओंडके मागवले. “हवेच्या गाडीखाली जीव नाही घालायचा, साहेब. जॅक सरकला तर मांगून फुगा काही उचलत नाही.” ओंडके लागल्यावर त्याने कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी केलं, बंद पडलेल्या कॉम्प्रेसरची नळी सोडून ट्रॅक्टरचा हवेचा पंप तिला लावला आणि फुग्यावर साबण शिंपडला. रबराच्या घडीतून फेसाचे बुडबुडे आले. गावातल्या निम्म्या पोरांना यातला विज्ञानाचा भाग कळला, उरलेल्यांनी बुडबुडे फोडले.

“रबर हाये जी. आठ-धा वर्साचं आयुष्य त्याचं. घडी जिथं पडते तिथं चिरते. रातभर हवा गेली. कॉम्प्रेसर ते भरू-भरू जळला. काल जास्त वर-खाली केली का?”

सतरा वेळा, हे मी बोललो नाही. पोरं बोलली.

मग मिस्त्रीने कागद मागितले. मॉडेल नक्की करायचं होतं. त्याने आरसी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली, कारण त्याला तशीच सवय होती. “सन 2011. मालक नंबर पाच.” अंगणात क्षणभर फक्त पागोळ्यांचा आवाज होता. मामांनी विचारलं, “पाचव्या मालकाले सत्तर लाख पडले?”

“नऊ,” साडूभाऊ म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

नागपूरला फोन झाले. नवा फुगा, त्यातच बसवलेल्या शॉकअपसकट, एकाचे दीड लाखाच्या घरात, कॉम्प्रेसर वेगळा, आणि एक गेला म्हणजे बाकीचे तीन रांगेत उभे. साडूभाऊ खाटेवर आडवे झाले. तेव्हा मिस्त्रीने तोडगा काढला. याच गाडीचं साधं, बटणं कमी असलेलं मॉडेलही येतं आणि त्याला पहिल्यापासून लोखंडी स्प्रिंग असते. अपघातात गेलेल्या तशा गाडीचे स्प्रिंग-शॉकअप भंगारात मिळतात. ते थेट याच जागी बसतात.

“म्हणजे हिची गरीब बहीण,” मेहुणी म्हणाली आणि का कोण जाणे माझ्याकडे बघून हसली.

साडूभाऊंना हा अपमान वाटला. त्यांना धीर द्यावा म्हणून मी मला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगितली. 1957 साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रोहॅम काढली. तेरा हजार डॉलरच्या वर किंमत, त्या वेळच्या रोल्स-रॉइसपेक्षा महाग. तीही हवेवर चाले. आणि ती इतकी गळायची, की तिच्या अमेरिकन मालकांनी एकेक करून फुगे काढून लोखंडी स्प्रिंगा बसवल्या. “म्हणजे तुम्ही कॅडिलॅकवाल्यांच्या पंगतीत आहात.” साडूभाऊ उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

मिस्त्रीचं तत्त्वज्ञान मात्र अमेरिकेत गेलं नाही. “येष्टीले पाटे असते. टिप्परलेबी पाटे. मुंबई-पुण्याच्या शिवनेरीले हवा असते, नाही असं नाही. पन तिच्यामांगं डेपो असते, साहेब. हवेवर चालायचं तर मांगं डेपो पायजे.”

मी पुण्याहून मुंबईला शिवनेरीने अनेकदा गेलो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून ट्रॅव्हल्सने पांढरकवड्याला आणि तिथून एसटीने झरीला एक गोणपाट आलं. कंडक्टरने त्याचं तिकीट फाडलं होतं. आतून चार स्प्रिंगा निघाल्या, पुढच्या दोन शॉकअपवर चढवलेल्या, मागच्या सुट्या. मिस्त्रीने पुढच्या जोड्या उघडायला साफ नकार दिला. दाबून बसवलेली स्प्रिंग शिकंज्याशिवाय सोडली तर ती माणसाची कवटी फोडते. गोणपाट पाठवणाऱ्याला त्याने मुद्दाम आख्खी जोडी पाठवायला सांगितलं होतं.

मग पुढचं काम एका दिवसात झालं. उरलेल्या फुग्यांची हवा आधी सोडली. फुस्स असा दीर्घ आवाज झाला आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “गेली बापा सायेबाची हवा.” पुढचे खांब उतरले, नवे चढले. मागे फुगा काढून त्या वाटीत स्प्रिंग बसवली, तिथला शॉकअप वेगळा असतो म्हणून तोच राहिला. उंची मोजणारे सेन्सर मिस्त्रीने तोडले नाहीत. हेडलाइटची दिशाही तेच ठरवतात, नाही तर रात्री उजेड चिंचेच्या शेंड्यावर पडतो. कॉम्प्रेसरचा फ्यूज मात्र काढला.

स्प्रिंगला अक्कल एकच. जेवढं दाबाल, तेवढंच ती उलट ढकलणार. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रजाने 1678 मध्ये हे छापलं आणि तेव्हापासून तिने मत बदललेलं नाही. तिला सेन्सर नको, संगणक नको. मागे कोण बसलंय याची ती चौकशी करत नाही. जाड माणूस बसला तर ती थोडी दबते, तो उतरला की पूर्ववत होते, आणि मनात काही ठेवत नाही.

पण संगणकाला कोण समजावणार? फुगे नाहीत हे त्याला मान्यच नव्हतं. किल्ली फिरवली की लाल दिवा लागायचा : गाडी फार खाली आहे, थांबा. परदेशात त्याला फसवणारी एक छोटी डबी मिळते, ती सगळं ठीक असल्याच्या खोट्या खुणा त्याला पाठवत राहते. “आता खोटं नको,” साडूभाऊ घाईने म्हणाले. शेवटी मेहुणीने कपाळावरची मोठी टिकली काढली आणि लाल दिव्यावर चिकटवली. दिवा आजही तिच्यामागे जळतो आहे.

पाचव्या दिवशी निघालो. गाडी आता तरंगत नव्हती. पांढरकवड्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याने स्वतःची ओळख करून दिली. पण रपट्यावर पाणी नव्हतं, घुर्रर्र आवाज नव्हता, आणि साडूभाऊ रस्त्याकडे बघून चालवत होते. एकूण खर्च साठ हजारांच्या आत बसला, त्यात गोणपाटाचं एसटी तिकीटही आलं. नागपूरला चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, कारण स्प्रिंगा बदलल्यावर ते करावंच लागतं. नाही तर टायर एका कडेने झिजतात.

निघताना मामांनी वाकून टायरवर हात घातला होता. चार बोटं. मग पुन्हा विचारलं होतं, “आता केवढ्याले पडली?”

“नऊ लाख साठ हजार, मामा.”

जुनी, हवेवरची गाडी स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेणार असाल, तर एवढंच करा. आदल्या संध्याकाळी ती बघायला जा आणि टायरच्या वर किती बोटं जातात ते मोजा. मालकाला सांगा, रात्रभर हलवू नका. सकाळी त्याने इंजिन चालू करायच्या आत पोहोचा आणि पुन्हा मोजा. मालक काय सांगतो ते नंतर ऐकलं तरी चालेल.