बारा चौरस फुटांची तब्येत

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं की मराठी मध्यमवर्गीय माणूस सगळ्यात आधी एक वजनदार वस्तू विकत घेतो. आमच्या मेहुण्यांना हा सल्ला मिळाला त्याच रात्री ते मोबाइलवर 'घडी होणारी, जागा वाचवणारी, परवडणारी' यंत्रं बघत बसले. ठाण्यात सातव्या मजल्यावर, 450 चौरस फूट कार्पेटमध्ये ते, आमची ताई, दोन मुलं आणि वर्षातले सहा महिने ताईच्या सासूबाई राहतात. एवढ्या जागेत आणखी एका सभासदाची सोय करायची होती.

त्यांचा कल ट्रेडमिलकडे होता. किंमत पंचवीस हजार, हप्त्यांवर. स्वस्तच म्हणायची. पण ठाण्यात यंत्र स्वस्त मिळतं, ते ज्या फरशीवर उभं राहतं ती फरशी मिळत नाही. लांबी साडेपाच फूट, रुंदी अडीच फूट, म्हणजे जवळजवळ 14 चौरस फूट. दर चौरस फुटाला 15,000 धरला, तर पंचवीस हजारांचं यंत्र दोन लाख दहा हजारांच्या जमिनीवर उभं राहणार. शिवाय माहितीपुस्तिका बजावते की यंत्रामागे सहा फूट मोकळे सोडा, कारण तोल गेला तर पट्टा माणसाला मागे फेकतो. ते आणखी 15 चौरस फूट. म्हणजे नुसतं पडण्यासाठी सव्वादोन लाखांची जागा राखीव! एवढ्या पैशात माणूस फिजिओथेरपिस्टच घरी ठेवेल.

'पण ते घडी होतं ना,' मेहुणे म्हणाले. होतं की. घडी घातली की ते आडव्याचं उभं होतं आणि कपाटाचं दार उघडेनासं होतं. दुसरा प्रकार पलंगाखाली सरकवायचा. पलंगाखाली आधीच पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, कंदिलाचा सांगाडा आणि लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला डिनर सेट आहे. यातल्या कुणालाही बेघर करायची ताईची तयारी नव्हती.

मेहुण्यांनी मग मोटारीचा अभ्यास केला. जाहिरातीत '3 एचपी पीक' असं ठळक छापतात. पीक म्हणजे मोटार क्षणभर जो जोर दाखवते तो. सलग किती जोर देते, हा आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. विकत घेताना तोच विचारायचा. 'माझंही तसंच आहे,' मेहुणे प्रांजळपणे म्हणाले.

या यंत्राचा पूर्वेतिहास मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतो. 1818 मध्ये विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने ते कैद्यांसाठी काढलं. रिकामटेकड्या कैद्यांना तासन् तास पायऱ्यांच्या चाकावर चढवत ठेवायचं. 1895 मध्ये ऑस्कर वाइल्डला सक्तमजुरी झाली, तेव्हा त्याच्याही नशिबी ते चाक आलं. तिथे निदान काही ठिकाणी त्या चाकावर धान्य तरी दळलं जायचं. पुढे हा प्रकार अमानुष ठरला आणि 1898 च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या तुरुंगांतून तो हद्दपार होत गेला. आता तो आपल्याकडे हॉलमध्ये येतो, बिनव्याजी हप्त्यांवर, आणि कैदी स्वतःच स्टार्टचं बटण दाबतो.

ट्रेडमिलवर शेवटी कपडे वाळत घालतात, हा विनोद आता शिळा झाला. शिवाय तो खराही नाही. ताईने वापरून पाहिलंय: दोन टॉवेल आणि एक पंजाबी ड्रेस, संपलं. दीड हजारांच्या स्टीलच्या स्टँडवर घरातल्या सगळ्यांचे कपडे मावतात आणि त्याला प्लगही लागत नाही.

मोठ्या यंत्राने असा निकाल लावल्यावर माणूस लहान वस्तूंकडे वळतो. दाराला अडकवायच्या पुलअप बारवर सगळे भाळतात, कारण तो जमिनीला शिवतच नाही. चित्रात एक गोरा माणूस दाराच्या चौकटीला लोंबकळताना दाखवतात. त्याच्या दाराला भिंतीच्या बाहेर आलेली जाड लाकडी किनार असते आणि बार तिच्यावरच टेकतो. आपली चौकट बहुधा प्लास्टरच्या पातळीत बसवलेली. बार टेकणार कुठे? मग स्क्रू फिरवून चौकटीत घट्ट बसणारा आणावा लागतो. सगळा भार चौकटीच्या दोन उभ्या बाजूंवर येतो आणि चौकट बिल्डरने दिलेली असते. बिल्डरवर किती भरवसा ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावं. मेहुण्यांनी भरवसा ठेवला. सासूबाईंनी त्या बारला तोरण बांधलं.

रबरी पट्टे मात्र खरंच कामाचे, हे मान्य करायला हवं. काही शे रुपयांत चार-पाच मिळतात, सगळे मिळून रुमालाच्या खणात मावतात आणि ताणाल तितका जोर वाढत जातो. रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा लाल दुसरीच्या हिरव्याएवढाही नसतो. उन्हात ठेवले तर रबराला चिरा पडतात, म्हणून बाल्कनीत टांगायचे नाहीत. दाराला अडकवायचे तर दार आपल्याकडे उघडणारं नको, नाहीतर खेचताना दारच अंगावर येतं. कुरिअरवाल्याची वेळही टाळायची.

डंबेल्सऐवजी पाण्याच्या बाटल्या घ्या असं सांगतात. लिटरला किलो, हिशेब सोपा. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये फसगत होते. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे तो साडेचार किलोंच्या आसपासच भरतो. तरी मेहुण्यांनी तोच पसंत केला. पुढे पुरणपोळीच्या दिवशी ताईने ऐन सेटच्या मध्येच त्यांच्या हातून कॅन काढून घेतला.

दोरी सगळ्यात स्वस्त. मधोमध पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढायच्या, त्या काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. पण पंखा बंद ठेवावा लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतात. 'मिक्सर लावलाय का हो?' इतकंच विचारतात. ठाणेकरांचा सभ्यपणा.

मग उरते चटई. सहा फूट बाय दोन फूट, बारा चौरस फूट, गुंडाळली की कोपऱ्यात उभी. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात आयुष्य घालवलं, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली. ज्याच्या मालकीचं अख्खं संस्थान होतं, त्याने बारा चौरस फुटांत मावणारा व्यायाम निवडला आणि साडेचारशे चौरस फूटवाल्याला चालण्यासाठी यंत्र हवं! अर्थात सूर्यनमस्कारांना हप्ते नाहीत, वॉरंटी नाही, खोकं उघडण्याचा सोहळा नाही. शेजाऱ्यांना दाखवायचं काय?

गिरणगावात 160 चौरस फुटांच्या खोलीत दहा-दहा माणसं राहायची, पण खोलीत कुणी दंड काढत नसे. खाली व्यायामशाळा असायची, लाल मातीचा हौदा असायचा, मुदगल सगळ्यांचे. बीडीडी चाळीच्या त्याच खोलीच्या जागी आता 500 चौरस फुटांचं घर मिळतंय. मेहुण्यांच्या सोसायटीतही क्लबहाऊसमध्ये जिम आहे, मेंटेनन्समध्ये तिचे पैसे दरमहा जातात. किल्ली सेक्रेटरींकडे, आत नवरात्रातल्या मांडवाचे बांबू.

शेवटी मेहुण्यांनी ट्रेडमिल घेतलीच, आणि काही महिन्यांनी ती पुतण्याला देऊनही टाकली. न्यायला दोन हमाल आले. यंत्र लिफ्टमध्ये शिरेना, म्हणून जिन्याने. एकाने पट्टा डोक्याला लावला, दुसऱ्याने मागून उचललं. पिंडऱ्या दोरखंडासारख्या, पोट सपाट. मेहुणे कौतुकाने बघतच राहिले.

'काय तब्येत कमावलीय राव! कुठल्या जिमला जाता?'

'साहेब,' पुढचा म्हणाला, 'वळणावर अडकतंय. जरा त्या बाजूनं हात लावता का?'

'नको बाबा, कंबर धरलीय,' मेहुणे म्हणाले आणि बाजूला झाले.