तक्रार निकाली

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की गाडीवाल्याला प्रश्न पडतो तो 'काय बिघडलं?' हा नव्हे. 'हा विझेल कसा?' हा.

अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१३ पासून मोटारीला आपली तक्रार आपणच नोंदवण्याची सक्ती आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की तक्रार क्रमांक, म्हणजे कोड, मिळतो, शिवाय पंचनामाही: बिघाडाच्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, कूलंट किती तापलं होतं. तक्रारदार तिथेच, पंचनामा ताबडतोब! असलं खातं आपल्याकडे फार दिवस सरळ चालू देणं बरं दिसलं नसतं.

आता पी०१७१ घ्या. अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी देतो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजचा निकाल तयारच असतो: "सेन्सर गेला, साहेब." बातमी देणाऱ्याचीच उचलबांगडी करायची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली, त्यामुळे साहेबही मान डोलावतात. नवा सेन्सर रुजू होतो आणि काही दिवसांत इमानेइतबारे तीच बातमी देतो. मग तो 'डुप्लिकेट' ठरतो. इकडे इनटेकचा तडकलेला रबरी पाइप निवांतपणे फुकटची हवा ओढत असतो.

तो सापडत नाही असं नाही. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे पेट्रोल किती वाढवावं-घटवावं लागतंय याचे, आकडे दिसतात. गाडी आयडलला असताना आकडा फुगलेला आणि अडीच हजार आरपीएमला खाली आला, तर हवा कुठून तरी चोरवाटेने येतेय. उलट रेस दिल्यावर वाढला, तर पेट्रोल पुरं पडत नाही. पंप, फिल्टर बघा. पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तर तिथली कॉइल काढून दुसऱ्यावर बसवा. कोड पी०३०२ झाला की चोर कॉइलच. खर्च शून्य, म्हणूनच या उपायाला गॅरेजात मान नाही.

यात एकट्या मेकॅनिकला झोडपणं अन्यायाचं होईल. पाच हजारांचा सेन्सर आपण हसतहसत घेतो, पण तासभर डोकं चालवल्याचे पाचशे मागितले की "नुसतं बघायचे?" म्हणून भुवया वर जातात. मग माणूस डोकं कशाला चालवेल? पार्ट विकेल.

सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तर स्वयंसेवाच सुरू झालीय. ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ डोंगल, मोबाइलवर अ‍ॅप आणि त्यातलं लाडकं बटण: इरेज. तक्रार निकाली, पंचनामा गहाळ. दिवा उघडझाप करतोय, म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन प्लॅटिनम-पॅलेडियमचं ते महागडं जाळं भाजून काढतंय. तरी बोट इरेजवरच. काही कर्तबगार लोक दिव्यावरच काळी टेप चिकटवतात. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, सॉकेटला काही विचारत नाही. प्रमाणपत्र मिळतं.

या शास्त्राचा कळस बघायचा तर जुन्या गाड्यांच्या बाजारात जावं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर कोणीतरी त्याचा गळा आवळलेला आहे. लागून विझला, तर दलाल स्वतःच स्कॅनर पुढे करतो: "बघा, एकही कोड नाही!" खरंच नसतो. फक्त त्याच स्क्रीनवर खाली रेडिनेसची यादी असते. कन्व्हर्टरची तपासणी अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सरची अपूर्ण, पेट्रोलच्या वाफेची अपूर्ण. कोड पुसले की या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि पुऱ्या व्हायला गाडी चांगली फिरवावी लागते. म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर धावलेली ही गाडी आज सकाळीच जन्माला आली आहे. आणि दलाल तिचे पैसे ऐंशी हजार किलोमीटरच्या अनुभवाच्या नव्हे, बारशाच्या भावाने मागतोय.