रानवाटेवरील अर्धमॅरेथॉन : गोंदिया जिल्ह्यातील धावकांसाठी मार्गदर्शिका

१. व्याख्या व अंतर

डांबरी रस्ता सोडून पांदण, धुरा, जंगलवाट आणि टेकडी यांवरून २१.०९७५ किलोमीटर धावत, चालत आणि काही ठिकाणी बसून पार करण्याच्या क्रीडाप्रकारास रानवाटेवरील अर्धमॅरेथॉन म्हणतात. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरले. त्याचे निम्मे केले की वरील आकडा मिळतो. रस्त्यावरच्या शर्यतीत शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटरही मोजून घेतात. रानात आयोजक ‘एकवीसच्या आसपास’ एवढेच सांगतो आणि हात झटकतो. दाट झाडीत उपग्रहाचा संकेत अडखळत असल्याने एकाच वाटेवर धावलेल्या दोघांच्या घड्याळांतही अंतर जुळत नाही. यावरून वाद घालू नये. घालायचाच असेल तर शर्यत संपल्यावर घालावा, आधी घातल्यास दम खर्च होतो.

२. भूप्रदेश

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जमीन बरीचशी सपाट, धानाची आणि तळ्यांची. नवेगाव, नागझिरा, प्रतापगड आणि दरेकसा या बाजूंना टेकड्या आहेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव केले. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि त्यांतल्याच एका माथ्यावर या देवाचे ठाणे आहे. टेकडी चढणाऱ्याने या बांधकामाबद्दल आदर बाळगावा. कोहळी समाजाने डोंगरांमधल्या फटी बुजवून तळी केली आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी दिले. आजचा धावक त्याच पाळीवर उभा राहून स्वतःचा फोटो काढतो आणि खाली ‘कठोर परिश्रम’ असे लिहितो.

माती पायाखालून ओळखता आली पाहिजे. बरडीवर मुरमाचे गोल खडे घरंगळतात. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, ओली असल्यास प्रत्येक बुटाला अर्धा किलो तरी चिकटते आणि धावकाचे वजन वाढल्याचा खोटा आरोप आहारावर येतो.

३. मार्गदर्शकाची निवड

मार्गदर्शक निवडावा लागत नाही, तो आपोआप लाभतो. प्रत्येक गावात, विशेषतः सकाळच्या मैदानावर, एक निवृत्त काकाजी असतात. त्यांच्या मनगटावर मोठे घड्याळ, कमरेला बाटल्यांचा पट्टा आणि अंगावर चार वर्षांपूर्वीच्या शर्यतीचा टी-शर्ट असतो. शर्यत दूरच्या शहरातली असल्यास टी-शर्ट धुतला जातो, पण बदलला जात नाही. नवशिक्याने एकदा ‘नमस्कार काकाजी’ म्हटले की पुढील मार्गदर्शन विनामूल्य सुरू होते. ते थांबवण्याची कोणतीही पद्धत या विषयाच्या अभ्यासकांना अद्याप सापडलेली नाही.

काकाजींचे निम्मे सल्ले बरोबर असतात. ते निम्मे कोणते, हे दहाव्या किलोमीटरला कळते.

४. सराव

आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे. एक लांब पल्ला असावा, तो दर आठवड्याला थोडाथोडा वाढवत अठरा किलोमीटरपर्यंत न्यावा आणि शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे सराव कमी करावा. वेग इतकाच असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. काकाजी याच नियमाच्या आधारे बोलतात.

गोंदिया शहरातील धावकाची मुख्य अडचण म्हणजे तेथे चढच नाही. उड्डाणपूल आहे, पण त्यावरची वाहने धावकाला दाद देत नाहीत. काही अभ्यासू मंडळी दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढून रेल्वेस्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर सराव करतात. हावडा मार्गाची गाडी आल्यावर मात्र सराव आपोआप उलट दिशेने होतो. सुटीच्या दिवशी खऱ्या टेकडीवर जाणे उत्तम. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करावा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यामुळे खरे दुखणे चढाचे नसून उताराचे असते आणि ते दुसऱ्या दिवशी कळते.

५. पादत्राणे

तळाला खोल खाचा असलेले, बोटांपुढे अंगठाभर जागा सोडणारे आणि किमान पन्नास किलोमीटर वापरलेले बूट घालावेत. नवे बूट शर्यतीच्या दिवशी खोक्यातून काढू नयेत. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत. हे शेवटचे वाक्य या मार्गदर्शिकेतील सर्वांत उपयुक्त वाक्य असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

बुटांच्या किमतीविषयी एक ऐतिहासिक नोंद आवश्यक आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी धावक अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याचा विचार पक्का झाला. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ही नोंद बारा हजारांचे बूट घेतलेल्या धावकास शर्यतीआधी वाचून दाखवू नये.

मोजे घोट्याच्या वरपर्यंत असावेत. भाताच्या कापणीनंतर बांधीत धसकटे आणि कडेला कुसळे असतात. कुसळ मोज्यात एकदा शिरले की पुढेच जाते, मागे येत नाही. या बाबतीत ते सर्व धावकांना आदर्श आहे.

६. आहार

आदल्या रात्री पिष्टमय पदार्थ खावेत असे शास्त्र सांगते. शहरी धावक यासाठी पास्ता शोधत फिरतो. गोंदिया जिल्ह्यात ही सोय पिढ्यान् पिढ्या भात या नावाने उपलब्ध आहे. त्यातही एचएमटी असल्यास उत्तम. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून तयार केले आणि त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले. घड्याळ मनगटावर नसले तरी चालेल, पोटात असावे.

सकाळी केळे, भिजवलेले शेंगदाणे किंवा गुळाचा खडा पुरे. तर्री पोहे शर्यतीनंतर. तर्री पोहे शर्यतीआधी खाल्लेल्या धावकाची वेळ चांगली लागते, पण ती वेळ शर्यतीच्या मार्गावर लागत नाही.

७. प्रारंभ

जाहिरातीत प्रारंभ सकाळी सहाला असतो. साडेपाचला पोहोचावे, छातीवरचा क्रमांक चार पिनांनी लावावा (काकाजींकडे जादा पिना असतात, नेहमी असतात) आणि अंग गरम करावे. सहा वाजता प्रमुख पाहुणे निघालेले असतात. सव्वासहाला ते पोहोचतच असतात. साडेसहाला अंग पुन्हा गार होते. मग ध्वनिक्षेपकाची तपासणी, हारतुरे, दीपप्रज्वलन आणि आरोग्याचे महत्त्व या विषयावर भाषण. डिसेंबरच्या थंडीत अर्धी चड्डी घालून ताटकळणाऱ्या चारशे माणसांना आरोग्याचे महत्त्व कोणी समजावून सांगायची खरे तर गरज नसते. एवढे एक कलम आयोजकांनी वगळले तर या जिल्ह्यात धावण्याचा फार मोठा विकास होईल. तोवर जुना स्वेटर घालून यावे आणि झेंडा हलताच ओळखीच्या माणसाकडे फेकावा.

झेंड्यानंतर पहिले दोन किलोमीटर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली घेतात. त्यांची परीक्षा १६०० आणि ८०० मीटरची असल्याने ती तेवढ्याच हिशेबाने सुटतात. त्यांच्या मागे लागू नये. वनरक्षक भरतीवाल्यांच्या मागे तर मुळीच लागू नये. त्या निवडीत पुरुषांना चार तासांत २५ आणि महिलांना १६ किलोमीटर चालावे लागते, म्हणजे ती मंडळी थकल्यावरही वेळेत पोहोचतात. देवरी-सालेकशाकडच्या काही मुली साध्या कापडी बुटांत, ओढणी कमरेला घट्ट बांधून, आवाज न करता पुढे निघून जातात. त्यांच्यासाठी वाट सोडावी. त्यांच्या घरून पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायका याच वाटांवरून डोक्यावर टोपली घेऊन येतात-जातात. त्यांना पाणपोई नसते, पदक नसते आणि ‘शाब्बास’ म्हणायलाही कोणी उभे नसते.

८. मार्गातील अडथळे

(अ) धुरा. दोन बांध्यांमधला हा मातीचा बांध जेमतेम फूटभर रुंद असतो. त्यावर तूर लावलेली असते. पहाटे तुरीवर दव असते, त्यामुळे मांड्यांपर्यंत कपडे भिजतात, पिवळी फुले अंगाला चिकटतात आणि समोरचे काही दिसत नाही. खाली खेकड्यांची बिळे असतात. घोटा मुरगळण्याची जिल्ह्यातील सर्वांत खात्रीची जागा हीच. पावले लहान टाकावीत, नजर तीन-चार मीटर पुढे ठेवावी. तूर मोडू नये. शेतकऱ्याने वाट दिली आहे, पीक दिलेले नाही.

(आ) चढ. चालावा. हात मांड्यांवर टेकवून, पुढे वाकून, लहान पावलांनी. चढावर धावणारा आणि चालणारा यांच्यात माथ्यावर फारसे अंतर उरत नाही, फक्त एकाला बोलता येत असते.

(इ) उतार. टाच रोवून ब्रेक लावू नये. गुडघे किंचित वाकवावेत, हात पसरावेत, पावले भराभर पडू द्यावीत. पडल्यास आधी इकडेतिकडे पाहावे, मग उठावे. हा क्रम निसर्गदत्त आहे.

(ई) कोळ्याची जाळी. साग आणि ऐनाच्या रानात पहाटे वाटेवर आडवी असतात. ती पहिल्या धावकाच्या तोंडावर बसतात. शेवटच्या क्रमांकाचे हे एकमेव निर्विवाद सुख आहे.

(उ) गुरे. थांबावे.

९. वन्यजीव

नागझिरा अभयारण्य १९७० मधले, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मधले. ही दोन्ही धरून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरायला मनाई असते, त्यामुळे शर्यतीचा मार्ग बाहेरच्या गावरस्त्यांवरून आणि जेथे लागेल तेथे वनविभागाच्या परवानगीने आखावा लागतो. हद्दीचा फलक मात्र वन्यप्राण्यांना वाचता येत नाही.

वाघाची चर्चा सर्वांत जास्त होते. काळजी मात्र अस्वलाची घ्यावी. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर अधू असते. वाऱ्याच्या उलट दिशेने गुपचूप येणारा धावक त्याला अगदी जवळ आल्यावर कळतो आणि मग ते दचकून अंगावर येते. म्हणून झाडीच्या टप्प्यात एकट्याने धावू नये, कानांत गाणी लावू नयेत आणि मोठ्याने बोलत राहावे. या टप्प्यापुरते काकाजींना पुढे ठेवावे. त्यांच्यापासून दोन किलोमीटरच्या परिसरात अस्वल आल्याचे ऐकिवात नाही.

सारस हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ गोंदिया परिसरातच उरला आहे. माणसाच्या उंचीची जोडी एखाद्या बांधीत उभी दिसल्यास घड्याळ थांबवावे, आवाज करू नये, जवळ जाऊ नये. यात गेलेला वेळ निकालातून वजा होत नाही, पण तक्रार करणारा धावक अजून कोणी पाहिलेला नाही.

१०. पाणी व अंतराची चौकशी

तहान लागेल तसे थोडे थोडे प्यावे. नुसतेच पाणी ढोसल्यास रक्तातले मीठ पातळ होते, मळमळते आणि डोके जड होते. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण पुरेसे आहे. लिंबू पिळल्यास ते प्यावेसेही वाटते. रिकामा पेला वाटेवर टाकणाऱ्यास परत पाठवून उचलायला लावावे. या बाबतीत विनोद नको.

‘किती राहिलं जी?’ असे वाटेतल्या गावकऱ्यास विचारू नये. ‘हे काय, समोरच हाय’ हे उत्तर अर्ध्या किलोमीटरपासून पाचपर्यंत कोणत्याही अंतरास लागू पडते. मात्र ते इतक्या आपुलकीने दिले जाते की धावक त्यावर विश्वास ठेवतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा विचारतो.

सतराव्या किलोमीटरच्या सुमारास पायात गोळे येतात. बसावे, पोटरी हळूहळू ताणावी, मीठ-पाणी घ्यावे. या सुमारास काकाजी मागून येतात, थांबतात, पट्ट्यातली बाटली काढून देतात आणि पहिल्या दिवसापासून आपण काय सांगत होतो याची उजळणी करतात. स्वतःची वेळ बिघडत असतानाही ते उजळणी अर्धवट सोडत नाहीत. ऐकून घ्यावे. बाटली रिकामी करून परत द्यावी.

११. समाप्ती व नंतर

शेवटची रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये, पाच-दहा मिनिटे चालावे. पदक घ्यावे, ते दातांत धरू नये. तर्री पोह्यांची रांग आता कायदेशीर आहे. प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग तेथेच तपासावे. बक्षीस समारंभाला पाहुणे पुन्हा येणार असल्यास घरी जाण्याची गाडी आधी पाहून ठेवावी.

पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरावा लागतो, ते सामान्य आहे. दुखणे आठवड्याहून जास्त टिकल्यास किंवा सांधा सुजल्यास डॉक्टरांकडे जावे, काकाजींकडे नव्हे. पुढच्या वर्षीच्या नोंदणीची तारीख मात्र काकाजींनाच विचारावी. ती त्यांना आयोजकांच्या आधी कळलेली असते.